सिस्टरसाठी नाचाचा दिवा

गौतमचं वेल्डिंगचं दुकान जव्हारच्या एसटी डेपोमागच्या उतारावर आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीचे कठडे, बाइकचे मोडलेले स्टँड, तुटलेलं काहीही आणा, तिथं जोडून मिळतं. पण त्याचं नाव झालं ते नाचाच्या गेटांमुळे. सळी वाकवून तो दोन त्रिकोणांची माणसं करायचा, त्यांना वाटोळी डोकी बसवायचा आणि गेटावर तारप्याचा नाच उभा करायचा. मधोमध भोपळ्याचा लांब तारपा वाजवणारा तारपकरी, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचणारे बाईबापे. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत ज्या ज्या मास्तरांनी बंगला बांधला, त्या त्या बंगल्याच्या गेटावर गौतमचा तारपकरी गाल फुगवून उभा आहे.

तर अशा या गौतमनं त्या डिसेंबरात गेट केलं नाही, दिवा केला. तोही असा, की जो त्यानं उभ्या जन्मात नीट पाहिला नव्हता. आता पाहिला नव्हता असंही म्हणता येत नाही. पाहिला होता, पण चुकीच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खाणार होतं.

दिवा सिस्टरसाठी होता. सिस्टर म्हणजे सिपोरा चेऊलकर, पण हे नाव एका पोस्टमनलाच ठाऊक. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती नर्स म्हणून जव्हारला आली. मूळची रायगडाकडची, बेने इस्राएलांपैकी, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. बदली झाली की इथून पळायचं, अशी नोकरदारांची रीत. सिस्टर मात्र राहिली, नवरा गेल्यावरही राहिली, निवृत्त झाल्यावरही राहिली. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार; त्या दिवशी ती चूल पेटवायची नाही, सुईदोरा धरायची नाही. पण बाळंतपण आलं की शनिवार गुंडाळून ठेवायची. "पोराला वार कळत नाही," असं म्हणायची आणि पिशवी उचलायची. गौतमही असाच एका शनिवारी जन्मला. त्याची आई गोजाबाई जामसरजवळच्या पाड्यावरून डोलीतून आली होती आणि पोर आडवं होतं. पुढं काय झालं ते गोजाबाई अजून सांगते, ऐकणाऱ्याला वेळ असो वा नसो.

आता सिस्टरचे गुडघे गेले होते. ठाण्याची मुलगी रूथ तिला कायमची घेऊन जाणार होती. आणि जायची सकाळ नेमकी हनुक्काच्या पहिल्या संध्याकाळनंतरची ठरली. हनुक्का म्हणजे सिस्टरचा दिव्यांचा सण. जव्हारची माणसं त्याला सिस्टरची उशिराची दिवाळी म्हणायची. दरवर्षी थंडी पडली की तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर पणत्या लागायच्या, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ. शिवाय बाजूला एक जास्तीची. लहानपणी गौतम रोज संध्याकाळी तिथं जायचा, कारण दिव्याबरोबर तळलेलं काहीतरी गोड मिळायचं.

ती जाणार असं कळल्यावर गौतमला काही सुचेना. मग तो एक दिवस जाऊन म्हणाला, "सिस्टर, तुमचा दिवा मी करून देतो. जायच्या आदल्या दिवशी इथंच लावा, आणि मग बरोबर घेऊन जा."

सिस्टर हसली. "अरे, मी जन्मभर पणत्यांवर भागवलं. आमच्या आईचा पितळी दिवा होता, तो भावाकडे गेला."

"म्हणूनच. तुम्ही फक्त सांगा कसा असतो."

तिनं सांगितलं. आठ दिवे. नववा वेगळा, जरा उंच, कारण त्याच्यानं बाकीचे आठ लावायचे; तो सगळ्यांचा चाकर. तेल मावेल एवढ्या वाट्या हव्यात. बाकी रूप तुला हवं तसं दे, ती म्हणाली, हल्ली तर लोक काचेचे, दगडाचे, सायकलच्या चेनचेसुद्धा करतात.

ऐकता ऐकताच गौतमच्या डोक्यात ठिणगी पडली. आठ नाचणारे, आणि नववा वेगळा, जरा उंच! तो तारपकरीच की! देवानं जणू सिस्टरचा सण आणि आपला नाच एकाच मापाचा कापला होता. दिवे रांगेत हवेत, हे मात्र सिस्टर बोलली नाही. तिला ते बोलायची गोष्टच वाटली नाही; पंगतीला पान मांडताना ते जमिनीवर मांडा, असं कुणी सांगतं का? आणि गौतमनं जन्मभर त्या पणत्या रांगेतच पाहिल्या होत्या, पण खिडकीच्या कट्ट्यावर दुसरं काय होणार? कट्टा लांबडा, म्हणून रांग. असं त्याचं साधं गणित होतं.

त्यानं जीव ओतून काम केलं. पट्टी उभी धरून गोल वाकवली आणि तिच्या काठावर वीतभर उंचीची आठ माणसं उभी केली, एक बापा, एक बाई, एक बापा, एक बाई. सगळ्यांची तोंडं आत. पहिल्या बाप्याच्या हातात घुंगरांची काठी दिली, कारण नाच ओढून नेणारा तोच. बारीक सळीचे हात एकमेकांच्या कमरेला टाकले. मध्ये, पट्टीपासून आत आलेल्या एका दांडीवर, तारपकरी. प्रत्येकाच्या डोक्यावर पाइपाचा तुकडा कापून, खाली पत्रा जोडून केलेली वाटी. वाट्यांत पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही. शेवटच्या बाईचा हात उरला होता, तो त्यानं काठीवाल्याच्या कमरेला नेऊन भिडवला आणि टाका मारला. झालं, नाच पुरा.

गोजाबाई भाताची झोडणी उरकून लेकाकडे राहायला आली होती. तिनं दुकानात येऊन ते पाहिलं आणि म्हणाली, "हं. यो असा कोण नाचतो?" गौतमनं कानाआड केलं. आईला वेल्डिंगमधलं काय कळतं, असं मनात म्हणाला. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

हनुक्काच्या पहिल्या दिवशी दुपार कलताच तो दिवा गोणपाटात गुंडाळून सिस्टरच्या घरी गेला. घरात खोकीच खोकी. रूथ आलेली होती, टेबलावर तिनं मुंबईच्या दुकानातून आणलेला पितळी दिवा पुसून ठेवला होता, असू दे एखादा, या बेतानं. गौतमनं गोणपाट उघडलं. सिस्टर बघतच राहिली. तिनं एकेका बाईच्या डोक्यावरून बोट फिरवलं, तारपकऱ्याच्या फुगलेल्या गालाला हात लावला.

"अगं रूथ, बघ तरी! हा तारपा वाजवणारा म्हणजे शमाश, आपला चाकर दिवा. काय डोकं आहे या पोराचं!"

रूथही वाकून बघायला लागली, खूश होऊन. आणि खुशीतच तिच्या तोंडून निघून गेलं, "मम्मी, पण हा तर गोल आहे."

सिस्टरनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथंच थांबली असती. पण रूथ शाळेत शिकवणारी, वाक्य पुरं केल्याशिवाय तिला चैन पडेना. "दिवे रांगेत लागतात ना. गोल केले की शेकोटीसारखं दिसतं, कितवा दिवा ते कळतच नाही. डॅडी तर या बाबतीत किती कडक होते."

"तू गप गं," सिस्टर म्हणाली. मग गौतमकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "फार सुंदर केलायस बाळा. मी शोकेसमध्ये ठेवीन. येईल त्याला दाखवीन, माझ्या गौतमनं केला म्हणून."

शोकेस! ती रागावली असती तर परवडलं असतं. ज्या बाईनं शनिवार मोडून आपल्याला या जगात ओढून काढलं, तिच्या हातून आपला दिवा एकदा, फक्त एकदा, याच घरात लागावा, एवढीच त्याची इच्छा होती. आणि आता दिवेलागणीला शेजारीपाजारी जमणार, मुंबईचा पितळी दिवा लागणार, आणि त्याचे नाचे कोपऱ्यात हात धरून अंधारात उभे राहणार. सकाळी गाडी येणार. एवढ्या वर्षांचं सगळं मुसळ केरात.

त्याला रडायला येत होतं, म्हणून तो खोटं बोलला. "एक वाटी गळतेय वाटतं. जरा नीट करून आणतो." आणि दिवा पुन्हा गोणपाटात गुंडाळून निघाला.

दुकानात गोजाबाई दारात बसून सुपात वाल निवडत होती. लेक ज्या वाटेनं हसत गेला त्याच वाटेनं तोंड पाडून आला, हे तिला लांबूनच कळलं.

"काय रं, परत आणला? सिस्टरबायनी घेतला नाय?"

"त्यांच्यात गोल चालत नाही, आई. रांग पाहिजे म्हणे. मी काय करू आता? सगळं तोडायचं तर नवीन करायला वेळ कुठंय?"

गोजाबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती हसायला लागली. चांगली खदखदून. गौतमला इतका राग आला की हातातला दिवा तिथंच टाकावा.

"आन् आपल्यात कवा गोल चालतो रं?" ती डोळे पुसत म्हणाली. "मी तुला बोलली ना, असा कोण नाचतो? तू आयकलाच नाय. शेपटाच्या बाईचा हात तू काठीवाल्याच्या कमरेला बांधला. मग तो नाच घेऊन जाल कसा? खुंट्याला बांधलेला बैल झाला ना त्यो!"

गौतमनं गोणपाट सोडून दिवा ऐरणीवर ठेवला.

"नाच मोकळा ऱ्हातो पोऱ्या. म्होरं काठीवाला, मागं शेपूट. तो फिरवल तसा नाच फिरल, वळल, लांब होल. आन् शेपूट मोकळा म्हणून तं मागून आलेला माणूस त्याला लागतो. तुझ्या नाचात कोणी लागायचा तं कुठं लागायचा?"

हे गौतमला ठाऊक नव्हतं असं नाही. पाड्यावर तो स्वतः नाचला होता, पोरवयात शेपटाला लागून धावता धावता पडलाही होता. पण हाताला दुसरीच सवय लागली होती. वसईच्या कारखान्यात शिकायला होता तेव्हाचा त्याचा मिस्त्री एकच गोष्ट रोज बजावायचा, "खुला सिरा मत छोड़ना, किसीका हाथ कटेगा." जाळी असो, गेट असो, कठडा असो, शेवटचं टोक कुठंतरी नेऊन जोडायचंच. म्हणून गेटांवरचे नाचही त्यानं बंदच केले होते. इतक्या मास्तरांच्या दारात इतके नाच, आणि सगळे खुंट्याला बांधलेले! त्या संकटातही त्याला हसू फुटलं.

मग मात्र त्यानं वेळ घालवला नाही. कटर लावला आणि काठीवाल्याच्या कमरेवरचा तो एक टाका कापला. काठीवाला आणि शेपटाची बाई यांच्यामधून पट्टीही कापली. गॅसची ज्योत पट्टीवर धरली, लाल झाली की ऐरणीवर घ्यायची आणि हळूहळू ठोकत सरळ करायची. प्रत्येक ठोक्याला त्याचा जीव वर-खाली होत होता. माणसं पट्टीवर घट्ट होती, पण हात बारीक सळीचे. एक जरी निखळला तरी पुन्हा जोडत बसायला उजेड नव्हता. गोजाबाई समोर बसून सांगत होती, "दमानं. दमानं रं. बायांना वढू नको." हात ताणले, वाकले, पण सुटले नाहीत. नाच हळूहळू उलगडत गेला आणि शेवटी ऐरणीवर सरळ उभा राहिला. मधली दांडी पट्टीच्या मध्याला होती, ती पुढं आली. म्हणजे तारपकरी आपसूक सगळ्यांच्या पुढ्यात, आणि आठही जणांची तोंडं त्याच्याकडे. त्याला पाठ कुणाचीच नाही. गौतमनं दोन टोकांना खाली पाय जोडले, दिवा टेबलावर ठेवून हलवून पाहिला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. असा पडला की तो तसाच जमिनीवर बसला.

एक गोष्ट राहिली. शेपटाच्या बाईचा उजवा हात आता कुणाच्याच कमरेला नव्हता. तो नुसताच हवेत पुढं आलेला होता. गौतमनं सवयीनं कटर उचलला.

"त्याला हात लावू नको," गोजाबाई म्हणाली.

"अगं, कुणाचं तरी लुगडं अडकेल."

"मग घास. कापू नको."

त्यानं कानस घेतली आणि ते टोक गुळगुळीत होईपर्यंत घासलं. बोट फिरवून पाहिलं, ओठाला लावून पाहिलं. मग दिवा गोणपाटात घेऊन दोघं मायलेक झपाझप निघाली. जमिनीत पाय रुतल्यासारखी हळू चालणारी गोजाबाई त्या दिवशी लेकाच्या पुढं होती.

सिस्टरच्या घरात माणसं जमली होती. बाहेर संधिप्रकाश उरला होता, रूथनं पितळी दिव्यात वात घालायला घेतली होती. गौतमनं गोणपाटातून काढून दिवा टेबलावर ठेवला. आठ जणांची सरळ रांग, पुढं तारपकरी. कापल्याच्या आणि ज्योतीच्या खुणा पट्टीवर तशाच निळ्या-काळ्या दिसत होत्या, रंगवायला वेळच नव्हता.

रूथनं आधी दिवा पाहिला, मग गौतमचे काजळलेले हात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पितळी दिव्यातली वात काढून घेतली आणि तो खोक्यात ठेवून दिला.

"हा तोच?" सिस्टरनं विचारलं.

"तोच," गौतम म्हणाला. "तसा तो गोल नव्हताच. मीच बांधून ठेवला होता."

सिस्टरला ते कितपत कळलं कोण जाणे. ती रांगेवरून हात नेत नेत डाव्या टोकाला आली आणि त्या मोकळ्या हाताशी थांबली. "आणि हिचा हात? हा कुणाला?"

गौतमनं आईकडे पाहिलं. गोजाबाई पदर सावरून म्हणाली, "जो मागून येल त्याला, बाय."

सिस्टरनं खोबरेल तेल ओतलं, उजव्या टोकाच्या काठीवाल्याच्या वाटीत आणि तारपकऱ्याच्या वाटीत. बाकीच्या सात वाट्या कोरड्याच. गौतमला विसरच पडला होता की पहिल्या दिवशी एकच दिवा लागतो. आठ वाट्यांचा एकदम उजेड त्यानं मनात धरला होता. तिनं काडीनं तारपकरी लावला, डोळे मिटून तिच्या भाषेतल्या प्रार्थना म्हटल्या, आणि त्याच्या ज्योतीवर धरलेल्या वातीनं काठीवाल्याची वात पेटवली. दोन ज्योतींच्या उजेडात सात जण मागं अंधारात उभे होते.

"एवढंच?" गोजाबाईनं हळूच विचारलं.

"आज एवढंच," सिस्टर म्हणाली. "उद्या दोन. रोज एक वाढतो."

"बरोबर आहे," गोजाबाई म्हणाली, जणू परीक्षा घेऊन पास केलं. "तारपा वाजला की आधी एकच उठतो. बाकीचे मागून येतात."

सगळे हसले, रूथनं तळलेल्या गोड पुऱ्यांची थाळी फिरवली, आणि गौतमनं लहानपणासारख्या दोन उचलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती. सिस्टर जाणार होती, ते काही टळलं नव्हतं. पण दिवा लागला होता, तिच्या हातानं, तिच्या घरात, आणि त्याला वाटत होतं की आता ती कुठंही गेली तरी चालेल.

सकाळी गाडी गेली. दिवा सिस्टरनं मांडीवर घेतला होता, डिकीत ठेवू दिला नाही.

आठव्या संध्याकाळी गौतम एका मास्तरांच्या गेटाची मापं घेत होता. नाचाच्या शेपटाचं टोक मोकळं ठेवणार, असं तो मास्तरांना पटवून देत होता आणि मास्तरांना ते पटत नव्हतं. तेवढ्यात रूथचा फोटो आला. ठाण्याचा फ्लॅट, खिडकीचा लांबडा कट्टा, आणि त्यावर आठही जणांच्या डोक्यावर पेटलेले दिवे, पुढं तारपकरी. नाच भरात आला होता. फोटोच्या डाव्या कडेला एक सुरकुतलेला हात तेवढा आला होता. त्यानं शेपटाच्या बाईचा मोकळा हात धरला होता.

गौतम मास्तरांना तिथंच सोडून दुकानात आला आणि त्यानं फोन आईपुढं धरला. गोजाबाईनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि मग तो डाव्या कडेचा हात तिनं ओळखला. तो हात ती विसरणं शक्यच नव्हतं.

"लागली बघ नाचात," ती म्हणाली, आणि लेकाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.